व्रताचे गाणे आणि सुपारीचे गाणे

कलावंताने कलेपुरते असावे, राजकारणाच्या उठाठेवीत पडू नये, असा एक साळसूद उपदेश महाराष्ट्रात अधूनमधून ऐकू येतो. उपदेश कानाला गोड आहे, पण त्यातील मेख अशी की, तो सर्वांना सारखा केला जात नाही. एखादा गायक विशिष्ट विचारसरणीच्या मोर्चात डफ घेऊन उभा राहिला, की त्याचे नाव 'सामाजिक बांधिलकी'. दुसरा कोणी राष्ट्रकार्यासाठी किंवा एखाद्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी मैफल करतो, तेव्हा मात्र त्याने 'कलेचे पावित्र्य घालवले' असा कंठशोष सुरू होतो. बांधिलकीची प्रमाणपत्रे वाटण्याचे हे खाते कोणी, केव्हा आणि कोणाच्या हवाली केले, हा प्रश्न विचारण्याचे धाडस फारसे कोणी करीत नाही.

जालना जिल्ह्यासारख्या भूमीत तर हा उपदेश निव्वळ हास्यास्पद ठरतो. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण इथल्या बाजारपेठेच्या वैभवावरून पडली असली, तरी या जिल्ह्याचे खरे धन गावोगावच्या मंदिरांत, सप्ताहांच्या मंडपांत आणि टाळ-मृदंगाच्या घोषात साठलेले आहे. जालना शहरात आनंदी स्वामींचे देवस्थान आहे, भोकरदन तालुक्यात राजूरचा गणपती आहे, अंबडला मत्स्योदरी देवी आहे आणि दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची परंपराही आहे. इथे गाणे चार भिंतींत कधी कोंडले गेलेच नाही. ते चव्हाट्यावर आले, लोकांत मिसळले आणि लोकांना काहीतरी सांगत राहिले. तेव्हा कलावंताने सार्वजनिक कार्यात पडावे की नाही, हा प्रश्न या मातीने शतकांपूर्वीच निकालात काढला आहे. आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे : गाणारा जे गातो आहे, ते व्रत म्हणून गातो आहे की सुपारी म्हणून?

जांबेचा वारसा

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला तिथे जन्मलेला नारायण पुढे देशभर हिंडला, मठ उभारले, बलोपासना शिकविली, आणि या साऱ्या कार्याच्या मध्यभागी त्याने कीर्तन ठेवले. समर्थांच्या ग्रंथात कीर्तनाचा विचार सविस्तर येतो, तो उगाच नव्हे. कीर्तन हा काही नुसता भक्तीचा कार्यक्रम नाही. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे आणि उत्तररंगात आख्यान लावून ते तत्त्व श्रोत्याच्या गळी उतरवायचे, ही त्याची बांधणीच लोकशिक्षणासाठी झालेली आहे. पाच-सातशे माणसे जमिनीवर मांडी घालून बसली आहेत, समोर वीणा, मृदंग, टाळ आहेत, आणि एक माणूस गात, बोलत, हसवत, प्रसंगी खडसावत समाजाला त्याचे दोष दाखवतो आहे. छापखाना नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, तेव्हाही महाराष्ट्रात ही संस्था जिवंत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. दत्तोपंत पटवर्धन यांनी याच संस्थेला 'राष्ट्रीय कीर्तना'चे रूप दिले. आख्यानाला पुराणातील कथेऐवजी इतिहासातील वीर आले, स्वदेशी आली, परदास्याची चीड आली. आपण संपादक झालो नसतो तर कीर्तनकार झालो असतो, असा लोकमान्यांचा उद्गार महाराष्ट्रात वारंवार सांगितला जातो. राज्यकर्त्याला अग्रलेख जेवढा बोचतो, त्याहून कीर्तन अधिक बोचते, हे लोकमान्य पुरते ओळखून होते. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांच्या पदांवर इंग्रज सरकारने डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली, ती संगीताच्या प्रेमापोटी खचितच नव्हे.

त्याच परंपरेतील दोन नावे इथे घ्यावीच लागतील. गाडगे महाराज दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांच्या मनातील केर काढीत. त्या कीर्तनांच्या बळावर धर्मशाळा उभ्या राहिल्या, अन्नछत्रे चालली, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. बाबांनी स्वतःसाठी मात्र अंगावरच्या चिंध्या आणि हातातले मडके याखेरीज काही ठेवले नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गायिली आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरचा उठाव झाला, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना कारागृहात टाकले. एका भजन गाणाऱ्या साधूला साम्राज्य घाबरले. 'कलावंताने कलेपुरते असावे' असे म्हणणाऱ्यांनी आधी खराट्याला आणि खंजिरीला तसे सांगून पाहावे.

निजामाच्या राज्यात एक गीत

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा सारा टापू औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होता; आणि १९४८ पर्यंत हा सगळाच मुलूख निजामाच्या राजवटीखाली होता. त्या राजवटीत राजकीय सभा घेणे जवळजवळ अशक्य होते. 'गश्ती निशाण ५३' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या फर्मानाने सभेला पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. धार्मिक मिरवणुका, वाद्ये, नवी मंदिरे यांवरही निर्बंध होते. ज्या राज्यात भाषणाचे तोंड बांधले जाते, तेथे गाण्याला अपार महत्त्व येते. मराठवाड्यातील गणेशोत्सव, भजनी मंडळे, कीर्तने आणि आर्य समाजाचे भजनोपदेश ही लोकजागृतीची आडवाटच होती, आणि त्या वाटेने पुष्कळ माणसे चालून गेली.

१९३८ च्या नोव्हेंबरात या आडवाटेचा हमरस्ता झाला. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' गाण्याचा हट्ट धरला. राजवटीने बंदी घातली. मुलांनी माफी मागण्याचे नाकारले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली. त्या काळच्या गरीब घरातल्या मुलासाठी कॉलेज सुटणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. घरदार गहाण टाकून शिकायला पाठवलेला मुलगा एका गीतासाठी परत आला, असे प्रसंग तेव्हा अनेक उंबरठ्यांवर घडले असतील. नागपूर विद्यापीठाने या मुलांना दार उघडले म्हणून अनेकांचे शिक्षण पुरे झाले. निजामी राज्याबाहेर जाऊन शिकावे लागलेल्या या तरुणांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. आर्य समाजाचे रामचंद्रराव तर तुरुंगात फटके खाताना 'वंदे मातरम्' म्हणत राहिले, आणि लोकांनी त्यांच्या नावापुढे तोच घोष आडनावासारखा कायमचा जोडून टाकला.

जालन्याच्या टाउन हॉल परिसरात हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचे स्मारक आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, तिथे मानवंदना दिली जाते. त्या स्मारकासमोर उभे राहिले, की एक गोष्ट स्वच्छ होते. त्या पिढीला गाण्याची किंमत मोजावी लागली. त्यासाठी तिला पाकीट मिळाले नाही. २०२५ च्या ७ नोव्हेंबरला 'वंदे मातरम्'च्या रचनेला १५० वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा देशभर सुरू झाला. समारंभ झाले, समूहगान झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु हे गीत गाण्यासाठी आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी मुलांनी वर्षे पणाला लावली, ही कथा त्यातल्या किती व्यासपीठांवरून सांगितली गेली?

रंगभूमी आणि रणभूमी

लोककलावंतांची गोष्ट सोडा, अभिजात संगीताच्या क्षेत्रातले पर्वतप्राय कलावंतही सार्वजनिक कार्यापासून अलिप्त राहिले नाहीत. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गायिले. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी आक्षेप घेतला असताना त्यांनी ते थांबवले नाही. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत व्हावे म्हणून स्वतः चाल बांधली आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीत नेत्यांपुढे आणि संविधान सभेच्या सदस्यांपुढे ती गाऊन दाखवली.

८ जुलै १९२१ हा दिवस तर मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलेला आहे. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था. रसिकांत दोन तट पडलेले, कोणाचा गळा सरस यावर घराघरांत वाद चाललेले. अशा वेळी टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघे मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकाच रंगमंचावर उभे राहिले. खाडिलकरांच्या 'मानापमान'मध्ये केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या एका प्रयोगाने फंडाला हजारो रुपये दिले, आणि ते हजार त्या काळाचे होते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव हे जग सोडून गेले. दोन कलावंतांनी आपापल्या अहंकाराची आहुती राष्ट्राच्या कुंडात टाकली, म्हणून 'संयुक्त मानापमान' शंभर वर्षांनंतरही लोकांच्या ओठांवर आहे.

आणि बाबूजी! सुधीर फडके यांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होऊच शकत नाही. १९५४ साली दादरा आणि नगरहवेली पोर्तुगिजांच्या टाचेखाली होती. ती मुक्त करण्यासाठी निघालेल्या तरुणांना शस्त्रे हवी होती, शस्त्रांना पैसा हवा होता. बाबूजींनी लता मंगेशकर यांना साकडे घातले आणि पुण्यात लतादीदींच्या गाण्याचा कार्यक्रम या कामाच्या निधीसाठी झाला. विशेष हे की, पैसे गोळा करून बाबूजी घरी बसले नाहीत. विनायकराव आपटे, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे या मंडळींबरोबर ते स्वतः त्या मोहिमेत उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ज्या गळ्यातून पुढच्याच वर्षी आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'ची गीते महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली, त्या गळ्याच्या धन्याने मातृभूमीसाठी जिवावर उदार होण्याची तयारी आधी दाखवली होती. उतारवयात त्याच बाबूजींनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवरील चित्रपटासाठी लोकांपुढे झोळी पसरली, तो २००१ मध्ये पडद्यावर आणला आणि पुढल्याच वर्षी देह ठेवला.

दोन मापे

हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून आजच्या बांधिलकीवाल्यांची मापे तपासावीत. कर्नाटक संगीतातील गायक टी. एम. कृष्णा यांनी २०१५ पासून चेन्नईच्या मार्गशीर्षातील संगीत सभांत गाणे सोडले. सभांची रचना अन्यायकारक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा निर्णय बौद्धिक जगताने धैर्याचा म्हणून डोक्यावर घेतला. २०२४ च्या मार्चमध्ये मद्रास म्युझिक अकादमीने कृष्णा यांना 'संगीत कलानिधी' सन्मान जाहीर केला, तेव्हा रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी अकादमीच्या त्या वर्षीच्या संमेलनातून माघार घेतली. कृष्णा यांच्या विचारांशी त्यांचा मतभेद होता आणि तो त्यांनी उघडपणे लिहून कळविला. अकादमीच्या अध्यक्षांनी त्या पत्राच्या भाषेवरच आक्षेप घेतला आणि कालपर्यंत बहिष्काराला धैर्य म्हणणाऱ्यांनी याच कृतीला असहिष्णुता ठरवले.

न गाण्याचा अधिकार जर कृष्णा यांना आहे, तर तो रंजनी-गायत्री यांनाही आहे. आणि रंजनी-गायत्री यांना आहे, तर तो कृष्णा यांनाही आहे. हे दुसरे वाक्यही तितक्याच स्वच्छपणे म्हटले पाहिजे, नाहीतर बांधिलकीवाल्यांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवण्याचा हक्क आपण गमावून बसू.

विरोधी विचारांच्या कलावंतांनाही त्यांचे माप न्यायाने द्यायला हवे. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये काढलेल्या कलापथकाचे नावच 'लाल बावटा' होते. त्यांच्या विचारांशी राष्ट्रवादी माणसाचा मतभेद कायम राहील. पण त्यांनी आपला झेंडा लपवला नाही. श्रोता मैदानात पाय ठेवायच्या आधीच, आपण कोणाचे गाणे ऐकायला चाललो आहोत हे त्याला ठाऊक असे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या डफाने गिरणगाव पेटवले, हे नाकारणे म्हणजे सूर्याकडे पाठ फिरवणे होय.

याच्या उलट, अलीकडच्या काळात फोफावलेल्या एका प्रथेचा विचार करावा. व्यासपीठ एकाचे, नाव दुसऱ्याचे, कार्यक्रमपत्रिकेवर शेकडो संघटनांची यादी आणि उत्तरदायित्व मात्र कोणाकडेच नाही. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर झालेली एल्गार परिषद २५० हून अधिक संघटनांच्या नावाने भरली होती. तिथे गाणीही झाली. पुढे त्या प्रकरणात खटले उभे राहिले, कलावंतांनाही अटक झाली. आरोप खरे की खोटे हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि कोणीही त्या आधी निकाल देऊ नये. परंतु गाणे हा काही गुन्हा नव्हे, तसेच गाणे हे चौकशीपासून मिळालेले अभयपत्रही नव्हे, एवढे तत्त्व तरी सर्वांनी मान्य करावे. 'तो तर केवळ कलावंत' हे वाक्य बचाव म्हणून पुढे करणारेच दुसऱ्या दिवशी 'कला हे परिवर्तनाचे शस्त्र' असे लिहितात. शस्त्र म्हणायचे, तर ते चालवणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यावी.

हिशेबाची गोष्ट

पाश्चात्त्य जगाचे दाखले देण्याची हौस आपल्याकडे मोठी. तेव्हा तेही पाहू. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेल्या मैफलीमागची मूळ प्रेरणा एका भारतीयाची, पं. रविशंकर यांची होती. त्यांनी मित्र जॉर्ज हॅरिसन यांना गळ घातली, उस्ताद अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ साथीला बसले. तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. परंतु ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेला पैसा कित्येक वर्षे अडकून पडला, कारण कार्यक्रम आधीपासून नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत झाला नव्हता आणि अमेरिकी करखात्याने बोट ठेवले. हेतू सोन्यासारखा, पण कागद कच्चा. भुकेल्या निर्वासिताला मात्र त्या कच्चेपणाची झळ बसली.

१३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' झाले. इथिओपियाच्या दुष्काळासाठी साऱ्या जगाने पैसा ओतला. पण तिथे मेंगिस्तूची कम्युनिस्ट हुकूमशाही होती आणि ती लाखो लोकांना बळजबरीने एका भागातून दुसऱ्या भागात हलवत होती. मदत या जुलमाला हातभार लावते आहे, असे सांगणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संघटनेला त्याच वर्षअखेरीस देशाबाहेर काढण्यात आले. दोन खंडांतल्या गायकांनी कळवळून गायिले, यात शंका नाही. पण पैसा कोणाच्या हाती पडतो, हे विचारण्याची तसदी पुरेशी घेतली गेली नाही. सद्भावनेला डोळे नसले, की ती ज्याचा हात धरील त्याच्यामागे जाते.

आपल्या अंगणात

आता बोट स्वतःकडे वळवणे क्रमप्राप्त आहे. बांधिलकीवाल्यांची झाडाझडती घेताना आपल्या अंगणातला केर दिसू नये, असे कसे चालेल? मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आज काय दिसते? पुढाऱ्याचा वाढदिवस आला, की भव्य ऑर्केस्ट्रा. मंडळाच्या फलकावर 'सामाजिक उपक्रम' ही अक्षरे मोठी आणि त्याखाली निवडणुकीला इच्छुक असलेल्याचा हसरा चेहरा त्याहूनही मोठा. गायकाला सुपारी आधी, गाणे मागून. परवा एका पक्षाच्या मेळाव्यात ज्याने विजयाचे गाणे गायिले, तोच आज दुसऱ्याच्या मेळाव्यात तीच चाल, नाव तेवढे बदलून गातो. मध्येच देशभक्तीचे एक गीत घातले, की सगळा कार्यक्रम 'राष्ट्रीय' होऊन जातो, अशी समजूत रूढ झाली आहे.

मोबदला घेणे पाप नव्हे. कलावंतालाही पोट आहे, वादकाला घर आहे, ध्वनिक्षेपकवाल्याला कर्जाचे हप्ते आहेत. व्यवसायाचे गाणे व्यवसाय म्हणून गावे, त्यात कमीपणा नाही. खोटेपणा सुरू होतो तो व्यवसायाला व्रताचे भगवे वस्त्र पांघरले जाते तेव्हा. वारकरी संप्रदायाने कीर्तनकारासाठी निरपेक्षतेचा दंडक घातला, कारण देणाऱ्याचे मीठ खाल्ले की देणाऱ्याचे दोष सांगणारी जीभ जड होते, हे संतांनी ओळखले होते. सप्ताहातल्या कीर्तनाचे मानधन आकाशाला भिडते, मंडपात पहिली रांग पुढाऱ्यांसाठी राखली जाते, आणि उत्तररंगात ध्रुव-प्रल्हादाऐवजी यजमानाचे गुणगान येते, तेव्हा जांबेच्या वारशाचे काय शिल्लक राहिले?

गणेशोत्सवाच्या मिरवणुकांची कथा निराळी नाही. लोकजागृतीसाठी सुरू झालेल्या उत्सवात छाती धडधडवणाऱ्या भिंती आल्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच झाले, रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा दंडकही आला. पण नियमापेक्षा मोठा प्रश्न लाजेचा आहे. निजामाच्या काळात मिरवणुकीतल्या वाद्यासाठी झगडलेल्या समाजाच्या मिरवणुकीत आज म्हाताऱ्याकोताऱ्यांना कानात बोळे घालून बसावे लागते, आणि मेळ्याचे एक पद पाठ असलेला तरुण शोधून सापडत नाही.

तीन कसोट्या

तेव्हा कोणत्याही बाजूचा असो, गाणारा व्यासपीठावर चढला की जालन्यातील श्रोत्याने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : गाणे कोणासाठी आहे, आणि गाणारा ते नाव उघड मान्य करायला तयार आहे काय? शाहिरांच्या लाल बावट्याने ही कसोटी पार केली, बाबूजींनी केली. ज्याला आपल्या निमंत्रकाचे नाव सांगताना अडखळायला होते, त्याचा सूर कितीही लागो, तो उसना आहे.

दुसरा : गाणाऱ्याने स्वतःचे काय दिले? बालगंधर्व-केशवरावांनी स्पर्धा बाजूला ठेवली, तुकडोजी महाराजांनी तुरुंग पत्करला, १९३८ च्या मुलांनी शिक्षण पणाला लावले. पूर्ण मानधन खिशात घालून केलेला त्याग हा त्याग नव्हे, ती जाहिरात होय.

तिसरा : पैशाचा हिशेब कोठे आहे? दुष्काळग्रस्तांसाठी, अतिवृष्टिग्रस्तांसाठी, हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी म्हणून गोळा झालेली रक्कम किती, खर्च किती, पोहोचली किती, हे महिन्याभरात गावाच्या चावडीवर लावण्याची हिंमत आयोजकात असावी. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्याने पाण्यासाठी वणवण केली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याची उभी पिके पाण्याखाली गेली. अशा वेळी मदतीच्या नावाने वाजणारा प्रत्येक ढोल हा लोकांच्या विश्वासावर काढलेले कर्ज असतो. ते फेडलेच पाहिजे.

हे तीन प्रश्न विरोधकांना विचारणे सोपे आहे. पण ज्या व्यासपीठावर भगवा फडकतो, ज्या मंडपात आपल्याच आवडीची गाणी गायिली जातात, तिथे ते आधी विचारले गेले पाहिजेत. स्वतःच्या घरात दिवा लावल्यावाचून शेजाऱ्याच्या अंधाराची चर्चा करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

कलावंताने कलेपुरते असावे, हा उपदेश या मातीला मान्य नाही. तिने समर्थांना जन्म दिला आणि एका गीतासाठी राजसत्तेशी भांडणारी मुले पाहिली. गाण्याने समाजाच्या सुखदुःखात, संघर्षात उतरलेच पाहिजे. पण उतरताना त्याने खराटा हाती घ्यावा, झोळी पुढे करताना तिच्या तळाला भोक नाही हे दाखवावे आणि आपला झेंडा उजेडात धरावा. येत्या १७ सप्टेंबरला जालन्याच्या टाउन हॉलपाशी जे कोणी गातील, त्यांनी निदान त्या दिवशी तरी मानधनाचे पाकीट घरी ठेवून यावे. ज्या हुतात्म्यासमोर आपण उभे आहोत, त्याने आपल्या कामाचे बिल कधी पाठवले नव्हते.